विजेची गाडी : अंगण नसलेल्यांचे काय?

(नागपूरलगतच्या बेसा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



विजेवर चालणाऱ्या वाहनांचा विषय समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मोटार हा चळवळीच्या जिव्हाळ्याचा विषय कधीच नव्हता. एस. टी., रेल्वेचा दुसरा वर्ग आणि सायकल हीच कार्यकर्त्यांची वाहने होती, आणि खासगी मोटारीकडे चळवळीने पाहिले ते विषमतेचे चाकावरचे प्रदर्शन म्हणूनच. परंतु विजेचे वाहन आज केवळ बंगलेवाल्याच्या दारात उभे नाही. सायकलरिक्षा सोडून कर्जाने ई-रिक्षा घेतलेला चालक, घरोघरी जेवणाचे डबे पोचवणारा तरुण, मिहानमध्ये किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा कामगार, ही मंडळी या वाहनाकडे वळली आहेत. पर्यावरणाच्या प्रेमाने ती वळली, असे म्हणणे त्यांच्यावर उगाच ओझे लादण्यासारखे होईल. २०२१ मध्ये महाराष्ट्रात पेट्रोलने लिटरमागे शंभर रुपयांची रेषा ओलांडली, आणि हिशेब प्रत्येकाला कळतो.

पेट्रोलच्या गाडीचा एक गुण असा, की तिला मालकाचे घर कसे आहे याच्याशी कर्तव्य नसते. ती रात्री गल्लीत उभी राहिली, तरी सकाळी पंपावर जाऊन दोन मिनिटांत तिची तहान भागते, आणि पंपावर बंगलेवाल्याला व झोपडीवाल्याला दर एकच असतो. विजेच्या गाडीला मात्र रात्री भिंत लागते. भिंतीत सॉकेट लागतो, सॉकेटच्या मागे मीटर लागते, आणि ते मीटर कुणाच्या तरी नावावर असावे लागते. ज्याचे स्वतःचे अंगण आहे त्याला हे सारे आपोआप मिळते. जो भाड्याच्या खोलीत राहतो, जो तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि ज्याची गाडी खाली रस्त्यावर उभी असते, त्याने काय करायचे? सार्वजनिक चार्जिंग केंद्रांचा सारा प्रश्न या एका ठिकाणी येऊन थांबतो. तांत्रिक भाषेत तो ‘पायाभूत सुविधां’चा प्रश्न म्हणून मांडला जातो, मुळात तो मालमत्तेचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा धडा देशात सर्वांत आधी ज्या शहरांना मिळाला, त्यांत नागपूर अग्रभागी आहे. २६ मे २०१७ रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत ओला कंपनीने नागपुरात विजेवरील टॅक्सी, रिक्षा अशा सुमारे दोनशे वाहनांचा प्रयोग सुरू केला. महिंद्र कंपनीच्या छोट्या विजेच्या मोटारी त्यात होत्या. पन्नास कोटींवर गुंतवणूक आणि शहरात चार ठिकाणी मिळून पन्नास चार्जिंग पॉइंट, अशी घोषणा झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंडियन ऑइलच्या एका पेट्रोल पंपावर चार्जिंग केंद्र उघडले, आणि पंपावरचे देशातील ते पहिले केंद्र म्हणून त्याचा गाजावाजा झाला. वृत्तपत्रांनी नागपूरला उद्याच्या भारताची प्रयोगशाळा ठरवून टाकले.

आठ महिन्यांत प्रयोगशाळेतून वेगळ्याच वार्ता येऊ लागल्या. जानेवारी २०१८ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने नागपुरातील चालकांशी बोलून जी हकिकत प्रसिद्ध केली, ती कार्यकर्त्यांनी मुळातून समजून घेण्यासारखी आहे. चालकांना चार्जिंगसाठी तासन्‌तास रांगेत उभे राहावे लागत होते. गाडी उभी असताना भाडे मिळत नाही. कंपनीला द्यायचा रोजचा हप्ता मात्र उभा राहत नाही. कित्येक चालकांनी विजेच्या गाड्या परत करून डिझेलच्या घेतल्या किंवा घेण्याची तयारी चालवली होती. एका ठिकाणी रांगेतील गाड्यांनी रस्ता अडतो म्हणून रहिवाशांनी विरोध केला आणि ते केंद्र बंद करावे लागले. परवानग्यांना लागलेला विलंब वेगळाच.

या हकिकतीतून निघणारा सोयीचा निष्कर्ष असा, की तंत्र अजून कच्चे होते, आणि बॅटरी सुधारली की सारे सुरळीत होईल. बॅटरी सुधारली आहे हे खरे. त्या वेळच्या छोट्या मोटारी एका भरणात शंभर-सव्वाशे किलोमीटर जात. आजच्या मोटारी त्याच्या दुप्पट-तिप्पट जातात. पण चालकांचे दुःख किलोमीटरांचे नव्हते, दिवसाच्या तासांचे होते. दिवसभर भाडे मारणाऱ्या माणसाला दिवसातून दोनदा गाडी भरावी लागते, आणि ते भरण कुठे, किती वेळात व कुणाच्या जागेवर होणार, याचा निर्णय कंपनीच्या कार्यालयात झाला होता. रस्त्यात रांग लागेल हे चालकाला किंवा शेजारच्या दुकानदाराला विचारले असते तर त्याने पहिल्याच दिवशी सांगितले असते. त्यात उन्हाळ्याचीही भर आहे. २०१३ च्या मे महिन्यात ज्या शहराचा पारा ४७ अंशांच्या पुढे गेला, तेथे तापलेली बॅटरी सुरक्षित राखण्यासाठी गाडीची यंत्रणाच भरणाचा वेग कमी करते. ज्या महिन्यात लोक पायी चालणे टाळतात व चालकाची कमाई वाढायला हवी, त्याच महिन्यात त्याची रांग लांबते.

आता विजेचा हिशेब पाहू. मोटारींसाठीचे एक जलद चार्जिंग यंत्र साधारण ६० किलोवॅटचे असते. एका मध्यमवर्गीय सदनिकेचा मंजूर भार तीन-चार किलोवॅट धरला, तर अशा एका यंत्राला पंधरा-वीस सदनिकांइतका भार लागतो. अशी दोन यंत्रे एखाद्या वस्तीत बसवायची, तर तेथील २०० केव्हीएच्या डीपीचा अर्ध्याहून अधिक भाग त्यांनीच व्यापला. म्हणून नवे रोहित्र, नवी उच्चदाब वाहिनी, तिचा खर्च आणि तिच्यासाठी जागा. ही जागा शहरात कुणाकडे असते? पंचतारांकित हॉटेलाकडे, मॉलकडे, मोटारींच्या शोरूमकडे, मोठ्या पेट्रोल पंपाकडे. केंद्रे तेथेच उभी राहतात. एखाद्या उद्योजकाला दोष देण्याचे कारण नाही. यंत्र दिवसाचे वीस तास रिकामे राहिले तर त्याचे भांडवल वसूल होत नाही, म्हणून जेथे महागडी मोटार येते तेथेच तो यंत्र नेणार.

याच्या शेजारी दुसरा हिशेब ठेवावा. साध्या विजेच्या स्कूटरचा चार्जर पाऊण किलोवॅटच्या आसपास वीज ओढतो आणि चार-पाच तासांत तिला भरतो. म्हणजे एका जलद यंत्राच्या भारात एकाच वेळी ऐंशी स्कूटरी लागू शकतात. त्यांना यंत्राचीही गरज नाही. पंधरा अँपिअरचा सॉकेट, मोजणारे मीटर आणि पैसे घेण्याची सोय एवढे पुरे. २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने व नीती आयोगाने नेमक्या अशाच स्वस्त उपकरणाचे भारतीय मानक पुढे आणले आणि ते साडेतीन हजार रुपयांच्या आत बसावे असे उद्दिष्ट ठेवले. किराणा दुकानाच्या ओट्यावर, पानठेल्याच्या खांबावर, शाळेच्या कुंपणाशी ते लागू शकते. डॉ. राममनोहर लोहिया ज्या छोट्या यंत्राचा आग्रह आयुष्यभर धरीत होते, ते यंत्र या क्षेत्रात सरकारी मानकाच्या रूपाने तयार आहे. मंत्र्यांच्या हस्ते उद्‌घाटने होतात ती मात्र ६० किलोवॅटच्या यंत्रांची.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी विजेवर चालणाऱ्या रिक्षेवर १९९० च्या दशकातच काम केले होते, याची आठवण येथे ठेवायला हवी. महाराष्ट्रात हा विचार सायकलरिक्षा ओढणाऱ्याच्या कष्टापासून सुरू झाला होता. तो मोटारींच्या शोरूमपर्यंत येऊन पोचला, हा प्रवास धोरणाने घडवला आहे.

धोरणाची वाटचाल अशी. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला, की गाडी चार्ज करणे ही वीजविक्री नसून सेवा आहे, सबब २००३ च्या वीज कायद्याखाली त्यासाठी परवाना नको. कुणीही केंद्र काढावे. डिसेंबर २०१८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये ती सुधारली गेली: शहरात तीन किलोमीटर बाय तीन किलोमीटरच्या प्रत्येक चौकोनात एक केंद्र, महामार्गावर दर २५ किलोमीटरला एक. पहिल्या टप्प्यात चाळीस लाखांवर लोकसंख्येची शहरे. २०११ च्या जनगणनेत सुमारे चोवीस लाखांचे नागपूर त्यात बसतच नव्हते. आणि बसले असते तरी काय झाले असते? नागपूर महापालिकेचे क्षेत्र सुमारे २२७ चौरस किलोमीटर. नऊ चौरस किलोमीटरला एक या हिशेबाने पंचवीस केंद्रे झाली, की कागदावर शहर सुखी. राज्याच्या जुलै २०२१ च्या धोरणाने नागपूरला २०२५ पर्यंत दीडशे केंद्रांचे उद्दिष्ट दिले. केंद्राच्या २०२४ च्या नव्या तत्त्वांत तीन किलोमीटरचा चौकोन २०३० पर्यंत एक किलोमीटरचा करायचा आहे. चौकोन लहान होत आहेत, हे चांगलेच. पण चौकोनात केंद्र कुणाच्या आवारात असावे, रात्री ते उघडे असावे की नाही, तेथे तीनचाकीला व स्कूटरला सॉकेट असावा की नाही, याचे उत्तर नकाशावरच्या रेघांतून मिळत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात साधारण पावणेचार हजार सार्वजनिक केंद्रे होती आणि कर्नाटकात पावणेसहा हजार. ही मोजणी उभारलेल्या केंद्रांची. त्यांतील किती चालू स्थितीत असतात, हे रोज रांगेत उभा राहणाराच सांगू शकतो.

करांकडे पाहिले म्हणजे धोरणाचे मन अधिक उघड होते. विजेची मोटार विकत घेताना २०१९ पासून जीएसटी पाच टक्के. घरच्या मीटरवर ती भरली तर विजेवर जीएसटी नाही. परंतु तीच गाडी सार्वजनिक केंद्रावर भरली, तर ती सेवा ठरते आणि त्यावर अठरा टक्के. म्हणजे ज्याला अंगण आहे त्याला सूट, आणि ज्याला अंगण नाही म्हणून केंद्रावर जावे लागते त्याला दंड. वीजविक्री नव्हे, सेवा, या २०१८ च्या खुलाशाने गुंतवणूकदाराची परवान्यातून सुटका केली. त्याच व्याख्येचे बिल आता रिक्षावाला भरतो आहे.

राज्याचे चित्र वेगळे नाही. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांहून अधिक किमतीच्या विजेच्या मोटारींवर सहा टक्के कर सुचवला गेला, आणि त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेत असल्याचे विधान परिषदेत जाहीर केले. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने नवे धोरण मंजूर केले. त्यानुसार मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना व बसगाड्यांना पथकर माफ. बसगाड्यांची माफी रास्त आहे. मात्र नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर स्वतःच्या विजेच्या मोटारीने जाणारा प्रवासी समाजाच्या मदतीला पात्र कसा, हे कुणी समजावून दिलेले नाही. १९६३ मध्ये डॉ. लोहियांनी लोकसभेत तीन आण्यांचा हिशेब मांडला, तेव्हा सरकारपक्षाला आकड्यांची लाज वाटली होती. पथकरमाफीचे रुपये आणि बेसा-मानेवाडा रस्त्यावरील ई-रिक्षाचालकाच्या जीएसटीचे रुपये शेजारी शेजारी ठेवून तसाच हिशेब आज विधानसभेत कुणीतरी मांडायला हवा.

बेसा हे गाव या चर्चेत उदाहरण म्हणून का घ्यावे? शहराच्या दक्षिणेला महापालिकेची हद्द जेथे संपते, तेथून बेसा, घोगली, पिपळा यांचे लेआउट सुरू होतात. जेथे शेती होती तेथे आज फ्लॅट स्कीम उभ्या आहेत. घर स्वस्त मिळते म्हणून माणसे येथे आली आणि कामासाठी रोज शहरात, मिहानमध्ये, बुटीबोरीला जातात. मेट्रोची मार्गिका वर्धा रोडवरून जाते. स्थानकापर्यंत पोचायलाही दुचाकी लागते. म्हणजे विजेच्या स्कूटरची गरज सर्वाधिक येथे, आणि सार्वजनिक केंद्राची जबाबदारी मात्र कुणाची हे अस्पष्ट. महापालिका म्हणणार, हद्द आमची नाही. महानगर प्रदेश विकास प्राधिकरण नकाशे मंजूर करते. ग्रामपंचायतीच्या जागी बेसा-पिपळा नगरपंचायत आली खरी; पण पाणी, सांडपाणी आणि रस्ते यांतून डोके वर काढायला तिला उसंत नाही. केंद्राच्या योजनांचे आकडे शहरांच्या व महामार्गांच्या नावे असतात. शहराची कड त्यांत नसते.

मग लोक काय करतात? दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वायर खाली सोडतात. जिन्याखाली मीटरच्या पेटीजवळ गाडी लावतात. बॅटरी काढून घरात आणतात आणि पलंगाशेजारी रात्रभर चार्जिंगला ठेवतात. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी रुग्णालयात दगावला. सदोष बॅटरी, चुकीचा चार्जर, अशी कारणे अशा वेळी दिली जातात आणि ती तपासलीच पाहिजेत. पण वस्तीत हवेशीर, उघड्यावरचा, सुरक्षित सॉकेट असता तर बॅटरी झोपण्याच्या खोलीत आली नसती, हेही कारणांत लिहिले गेले पाहिजे.

गृहनिर्माण संस्थांचा जाच निराळा. वाहनमालकाने स्वतःच्या जोडणीवरून गाडी भरण्यास २०२२ च्या केंद्रीय तत्त्वांनी मोकळीक दिली. प्रत्यक्षात पार्किंगच्या जागेवरून आणि सामाईक मीटरवरून वाद होतात, आणि भाडेकरूला तर सभेत मतच नसते. नॉर्वेत २०१८ पासूनच्या कायद्याने सदनिकाधारकाला चार्जिंगचा हक्क दिला. सबळ कारणावाचून संस्था नकार देऊ शकत नाही. महाराष्ट्रात असा हक्क मागायचा, तर तो मालकापुरता न ठेवता राहणाऱ्याला मिळावा, हा आग्रह चळवळीलाच धरावा लागेल. दुसरे कुणी धरणार नाही.

बॅटरी बदलून घेण्याच्या पद्धतीवर काही मित्रांचा भर आहे. तीनचाकीला ती उपयोगी आहे. परंतु एकदा चालक एका कंपनीच्या बॅटरीत अडकला, की महिन्याचे भाडे ती ठरवणार, हे धोके नागपूरच्या टॅक्सीचालकांनी पाहिले आहेत.

येथे कुणी विचारील, की हे सारे खासगी कंपन्यांकडे सोपवले तर कार्यक्षमता येणार नाही का? नागपूरकरांना हा प्रश्न नवा नाही. २०११ मध्ये महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स विभागांचे वीजवितरण फ्रँचायझीला दिले तेव्हा हेच सांगण्यात आले होते. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनीने आर्थिक अडचणीचे कारण देऊन अंग काढून घेतले आणि महावितरणला ते विभाग परत ताब्यात घ्यावे लागले. नफ्याच्या दिवसांत खासगी आणि तोट्याच्या दिवशी सार्वजनिक, ही व्यवस्था चार्जिंगच्या क्षेत्रात पुन्हा उभी राहू द्यायची का? सार्वजनिक क्षेत्राचे सारे काही गोड आहे असेही नव्हे. एस. टी. महामंडळाने २०२३ मध्ये ५,१५० विजेच्या बसगाड्या स्वतः न घेता भाडेकराराने घेण्याचे ठरवले. गाड्या ठरल्या वेळी आल्या नाहीत, आणि २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांना करार रद्द करण्याची भाषा करावी लागली. चीनमधील शेन्झेन शहराने २०१७ अखेर आपल्या सोळा हजारांवर बसगाड्या विजेवर आणल्या, त्या आगारांत चार्जिंगची सोय करीत करीत. एस. टी.ची आगारे तर गावोगाव आहेत आणि जागा सार्वजनिक आहे. बसगाड्या रात्री भरल्या जातात, दिवसा त्या बाहेर असतात. त्याच वाहिनीवर दिवसा आगाराच्या भिंतीबाहेर रिक्षा व स्कूटरींना सॉकेट देता येतील.

आणि वीज कुठून येते? बेसापासून शहर ओलांडून उत्तरेला गेले की कोराडी आणि खापरखेडा. दोन्ही मिळून साडेतीन हजार मेगावॅट, सारे कोळशावर. १६ जुलै २०२२ रोजी कोराडीच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बंधारा फुटला. राखेचे पाणी गावांत आणि शेतांत शिरले. शहरातला धूर कमी होईल तो खसाळ्याच्या लोकांच्या वाट्याला जाणार असेल, तर त्याला स्वच्छ ऊर्जा म्हणणे अप्रामाणिकपणाचे आहे. सॉकेट सौरछपराखाली असावा आणि भरण शक्यतो दिवसा, उन्हाच्या वेळी व्हावे, ही मागणी म्हणून याच मागणीपत्रात यायला हवी. कामगार दिवसभर जेथे गाडी उभी ठेवतो त्या कारखान्याच्या फाटकावर तिची सुरुवात होऊ शकते.

बेसा-पिपळ्यात काम मोजणीपासून सुरू करावे लागेल. कोणत्या लेआउटमध्ये विजेची किती दुचाकी व तीनचाकी वाहने आहेत, त्यांपैकी किती रात्री रस्त्यावर असतात, किती बॅटऱ्या घरात येतात, कुठल्या डीपीवर उन्हाळ्यात आधीच ताण असतो, हे घरोघर जाऊन लिहून काढायचे. ही माहिती महावितरणकडेही नाही आणि नगरपंचायतीकडेही नाही. तिच्या आधारे नगरपंचायतीच्या सभेपुढे ठराव ठेवायचा: सार्वजनिक जागांवर, बसथांब्यांपाशी आणि शाळांच्या कुंपणालगत साधे सॉकेट, मीटर नगरपंचायतीच्या नावे, चालवण्याचे काम महिला बचत गटाकडे किंवा रिक्षाचालकांच्या सहकारी संस्थेकडे, दर वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या वाहन-चार्जिंगच्या वर्गवारीप्रमाणे, मराठीत फलकावर लिहिलेला, आणि सॉकेट बंद पडल्यास तक्रार कुठे करायची, त्याचा क्रमांक त्याच फलकावर. अठरा टक्क्यांचा प्रश्न जीएसटी परिषदेचा आहे. त्यासाठी ठरावाची प्रत राज्याच्या अर्थमंत्र्यांकडे जाईल. मोजणीचे कोरे तक्ते सभागृहाच्या दाराशी ठेवले आहेत. प्रत्येकाने आपापल्या लेआउटचा एक घेऊन जावा.